एकाच घरात दोन वाड्या

मी कृषी खात्यातला माणूस. दापोलीहून बी.एस्सी. होऊन बाहेर पडलो आणि तेव्हापासून बांधावर उभा राहून शेतकऱ्यांना सल्ला देत आलो. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे आले, काजूवर ढेकण्या आला, भातावर करपा आला, की मला विचारा. संगणकाविषयी लिहिण्याचा मला काही अधिकार नाही. तरीही आज लिहितो आहे, कारण आमच्या घरातल्या दोन संगणकांनी मला जो धडा दिला तो अखेर शेतीचाच धडा निघाला. शिवाय आता तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी एक जुना संगणक आणि मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला एक लॅपटॉप असे दोन जिन्नस झाले आहेत. आमच्यावर आलेली पाळी तुमच्यावर न येवो, आणि आलीच तर निस्तरावी कशी हे ठाऊक असावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आमचे घर रत्नागिरीहून पावसच्या दिशेला. वडिलांनी कातळात खड्डे फोडून, बाहेरून माती आणून भरून लावलेली हापूसची एकशे चाळीस कलमे आहेत. मी नोकरीपायी शेजारच्या तालुक्यात. सकाळी जावे, दिवेलागणीनंतर यावे. त्यामुळे बाग खऱ्या अर्थाने सांभाळते ती आमची सौ. गड्यांची हजेरी, राखण, फवारण्या, झेल्याने काढणी, पेट्या भरणे, सगळे तिच्या देखरेखीखाली. २०१६ साली आम्ही एक टेबलावरचा संगणक घेतला आणि तो माजघरामागच्या कोठीच्या खोलीत ठेवला. तेव्हापासून ती फवारणीच्या नोंदी त्यावर ठेवते. कुठल्या तारखेला, कुठल्या भागातील कलमांवर, कुठले औषध, किती पाण्यात किती मारले आणि त्यानंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे, सगळे तारीखवार.

ही नोंद म्हणजे निव्वळ हौस नव्हे. तुम्हाला आठवत असेल, १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने आपल्या हापूसला दार बंद केले होते. फळमाशी सापडली हे त्याचे कारण. जानेवारी २०१५ मध्ये ती बंदी उठली, पण तोवर एक हंगाम गेला तो गेलाच. परदेशी आंबा पाठवायचा तर बागेची मँगोनेटवर नोंदणी हवी आणि फवारणीचा चोख हिशेब हवा, हे मी स्वतः गावोगाव सभा घेऊन सांगत होतो. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हाही मी हेच सांगितले, की मान मिळाला, आता कागद सांभाळा.

आणि माझ्याच घरी कागद फसला.

झाले असे. २०२४ च्या जानेवारीत मी सौ.च्या संगणकावरची नोंदीची फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि माझ्या लॅपटॉपवर उतरवली. हेतू चांगला होता. मथळे नीट करावेत, रकाने सरकारी पद्धतीने आखावेत. पुढच्या फवारण्या ती फोनवर सांगायची आणि मी रात्री माझ्या प्रतीत भरायचो. तिकडे ती आपल्या संगणकावर भरतच होती. एका नोंदीच्या अशा दोन नोंदी झाल्या. फेब्रुवारीत एकदा मी दौऱ्यावर होतो, त्या आठवड्याची फवारणी माझ्या प्रतीत चढलीच नाही. एप्रिलमध्ये पॅकिंग करणाऱ्यांनी नोंद मागितली, मी ऐटीत लॅपटॉपवरची पाठवली. चार दिवसांनी त्यांचा माणूस बाग बघायला आला, त्याला सौ.ने आपल्या संगणकावरची दाखवली. तो माणूस भला होता. त्याने आवाज चढवला नाही. एवढेच विचारले, "साहेब, यातली खरी कुठली?"

मी काय उत्तर देणार? खरी तिची होती. परंतु ज्या घरातून दोन वेगळे कागद निघतात त्या घराच्या कुठल्याही कागदावर विश्वास कसा ठेवायचा? आमचा माल निर्यातीतून वगळला गेला आणि वाशीच्या बाजारात मिळेल त्या भावाने विकला. पैशाचे नुकसान सोसता आले. पण त्या रात्री जेवताना सौ. इतकेच म्हणाली, "माझी नोंद बरोबर होती." ते वाक्य मला अजून सोसत नाही.

हंगाम सरला, पाऊस लागला. मी ठरवले, आता नोंद एकच आणि ती तिच्या संगणकावर. मला बघायची झाली तर मी ओटीवर बसून लॅपटॉपवरून तीच उघडीन, दुसरी प्रत करणार नाही. पुण्याला असलेल्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, दोन्ही संगणक एकाच वायफायवर आहेत ना? मग फोल्डर शेअर करा. पाच मिनिटांचे काम."

मंडळी, त्या पाच मिनिटांना आम्हाला तीन रविवार लागले.

पुढचे सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ती मलाही नीट ठाऊक नव्हती. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. तुमच्या ओटीवर कंपनीने बसवलेला जो दिवे लुकलुकणारा डबा असतो त्याला राउटर म्हणतात. तो दोन कामे करतो. एक, घरातल्या यंत्रांना बाहेरच्या जगाशी जोडणे. दुसरे, घरातल्या यंत्रांना आपापसात जोडणे. पहिले काम बाहेरून येणाऱ्या तारेवर अवलंबून असते. दुसऱ्याला त्या तारेची गरजच नसते, डब्याला वीज असली की पुरे. आपल्याकडे पावसाळ्यात झाड पडून तार तुटली की इंटरनेट दोन-दोन दिवस बंद असते. तरीही घरातला एक संगणक दुसऱ्याशी बोलू शकतो. कोठीतली फाइल ओटीवर आणण्यासाठी ती ईमेलने पाठवायची, म्हणजे ती दूरच्या कुठल्यातरी शहरातल्या संगणकावर जाणार आणि तिथून परत आपल्याच घरी येणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

बिनतारी संगणक-जोडणीची ही कल्पना मूळची समुद्राकाठचीच आहे. हवाई बेटांवरच्या विद्यापीठाची केंद्रे वेगवेगळ्या बेटांवर होती, मध्ये समुद्र. तिथले प्राध्यापक नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली रेडिओच्या लहरींवरून संगणक जोडून दाखवले. दोघे एकाच वेळी बोलले आणि गोंधळ झाला तर दोघांनीही गप्प व्हायचे, प्रत्येकाने कमीजास्त वेळ थांबायचे आणि पुन्हा बोलायचे, असा त्यांचा साधा नियम होता. ग्रामसभेत आपण हा नियम पाळत नाही, ही गोष्ट वेगळी! आजच्या वायफायमध्येही या विचाराचा अंश आहे.

आता आमच्या घरात या. पहिल्या रविवारी मी लॅपटॉप उघडला, 'नेटवर्क' या चित्रावर टिचकी मारली. खाली काहीच नाही. सौ.चा संगणक दिसेना. मी कोठीत गेलो आणि सापडेल ते बटण दाबले. परत ओटीवर आलो, इथेही चार गोष्टी बदलल्या. दोन्ही संगणक बंद करून चालू केले. डब्याची पिन काढली, घातली. दोन तास गेले. शेवटी तोंडातून निघून गेले, "तूच कधीतरी काहीतरी दाबून ठेवलं असशील!"

सौ. भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. म्हणाली, "अहो, कलम सुकतंय म्हणून शेतकरी तुमच्याकडे आला तर तुम्ही काय सांगता? एकदम चार औषधं मारू नको, म्हणता ना? कशानं गुण आला ते कळणार नाही, म्हणता ना?"

मी निमूटपणे लॅपटॉप मिटला. खरेच, मी तीस वर्षे हेच सांगत आलो आहे. फांदी सुकली तर आधी साल खरवडून बघा. खोडात भोक आणि भुसा आहे का बघा. मुळाशी पाणी साचते का बघा. क्रमाने जा, एका वेळी एकच उपाय करा, आणि काय केले ते लिहून ठेवा.

दुसऱ्या रविवारी आम्ही दोघे बसलो. तिने वही घेतली. मी एक गोष्ट बदलायची, तिने वेळ घालून लिहायचे आणि परिणाम काय झाला ते पुढे मांडायचे. आमच्या त्या वहीवरूनच पुढचे सांगतो.

पहिली नोंद अशी. नव्या वायफायला जोडले की विंडोज ते जाळे सहसा 'पब्लिक', म्हणजे एसटी स्टँडसारखे सार्वजनिक आहे असे धरून चालते. स्टँडवर आपण पाकीट सांभाळून, कोणाशी न बोलता बसतो. संगणकही तसाच बसतो. स्वतः दिसत नाही आणि दुसऱ्याला बघत नाही. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या भागात जाऊन आपल्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'प्रायव्हेट' निवडावे लागते. त्याचबरोबर 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' ही दोन कलमे चालू आहेत ना ते पाहावे. माझा लॅपटॉप पब्लिकवर होता. सौ.चा संगणक प्रायव्हेटवर होता, मुलीने दिवाळीत येऊन तो तसा केला होता. म्हणजे चूक तिच्या यंत्रात नव्हतीच. हा बदल फक्त घरच्या वायफायवर करायचा. बाजारातल्या हॉटेलात किंवा स्टेशनवर लॅपटॉप उघडलात तर तिथे पब्लिकच ठेवा.

हा बदल केला आणि लॅपटॉप घेऊन मी कोठीत तिच्याजवळ गेलो. तिच्या संगणकाचे नाव दिसले! मी आनंदाने ओटीवर आलो. नाव गायब. परत कोठीत, नाव हजर. परत ओटीवर, गायब. मी म्हटले, भिंत आड येते आहे. आपली घरे जांभ्या चिऱ्याची, भिंती दीड-दीड फुटाच्या. वायफायच्या लहरींना, त्यातही पाच गिगाहर्ट्झच्या लहरींना, अशी जाड भिंत मानवत नाही. अडीचच्या आसपासच्या जुन्या लहरी त्यातल्या त्यात बऱ्या जातात. पण सौ. वहीकडे बघत म्हणाली, "भिंत आड येत असती तर माझ्याकडे इंटरनेट कसं चालतं? ते तर झकास चालतं."

तिचा हा प्रश्न म्हणजे सगळ्या दुखण्याचे मूळ होते.

आता माझी कबुली ऐका. २०२३ साली मागच्या खोलीत वायफाय पोहोचत नव्हते म्हणून बहिणीकडे पडून असलेला एक जुना डबा मी आणला आणि माजघरात बसवला. ओटीवरच्या डब्यातून तार ओढली आणि या डब्याच्या वेगळ्या रंगाच्या 'इंटरनेट' लिहिलेल्या भोकात खोचली. इंटरनेट चालू झाले, मी खूश. घरच्यांना दोन नावे लक्षात ठेवायचा त्रास नको म्हणून दोन्ही वायफायला नाव आणि परवलीचा शब्दही एकच दिला. या कामाची फुशारकी मी चार ठिकाणी मारली होती.

परंतु त्या विशिष्ट भोकात तार खोचली की दुसरा डबा स्वतःला जोडणीचा मदतनीस समजत नाही, तो वेगळा सुभेदार होतो. आपल्या मागे असलेल्या यंत्रांना तो स्वतः नवे पत्ते वाटतो. त्याच्या मागची यंत्रे बाहेर जाऊ शकतात, पण बाहेरचा कोणी आपणहून आत येऊ शकत नाही. म्हणून सौ.च्या संगणकावर इंटरनेट झकास चालत होते आणि ओटीवरून मला मात्र तिचा संगणक सापडत नव्हता. मी माझ्याच घराच्या दोन वाड्या केल्या होत्या, मध्ये एकाच बाजूने उघडणारे दार बसवले होते, आणि दोन्ही वाड्यांना एकच नाव दिल्यामुळे मलाच ते कळत नव्हते. मुलीने विचारले होते, "एकाच वायफायवर आहेत ना?" मी छातीठोकपणे "हो" म्हटले होते.

हे ओळखायची खूण सोपी आहे. दोन्ही संगणकांवर 'कमांड प्रॉम्प्ट' नावाची काळी खिडकी उघडा, आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजीत लिहा आणि एंटर दाबा. वायफायच्या खाली 'आयपीव्ही४ ॲड्रेस' म्हणून टिंबांनी तोडलेले चार आकडे दिसतील. तो त्या संगणकाचा घरातला पत्ता. साधारणपणे घरगुती जाळ्यात पहिले तीन आकडे सगळ्या यंत्रांचे सारखे असतात, चौथा वेगळा. आमच्याकडे लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.७ आणि सौ.च्या संगणकाचा १९२.१६८.०.४ निघाला. तिसरा आकडा बघा. एकाचा एक, दुसऱ्याचा शून्य. सात-बारा वेगळा म्हणजे जमीन वेगळी!

उपाय असा केला. पुष्कळ डब्यांत 'ॲक्सेस पॉइंट' नावाची सोय असते. ती निवडली की तो डबा पत्ते वाटायचे बंद करतो आणि फक्त निरोप पुढे पोचवतो. सेटिंग बदलल्यावर तार कुठल्या भोकात हवी ते त्या डब्याच्या माहितीपत्रकात बघावे. आमच्या डब्यात ही सोय होती. ती चालू केली, दोन्ही यंत्रे बंद करून उघडली आणि पत्ते पुन्हा पाहिले. दोघांचाही तिसरा आकडा एक. ओटीवर बसल्या जागी सौ.च्या संगणकाचे नाव दिसले. तुमच्याकडे दुसरा डबा नसेल, तरी आणखी एक खूण बघा. घरातले एक यंत्र पाहुण्यांसाठी ठेवलेल्या 'गेस्ट' वायफायवर तर नाही ना? बहुधा त्या वायफायवरची यंत्रे घरातल्या इतर यंत्रांना भेटू नयेत अशीच त्याची रचना असते.

वाटले, जिंकलो. नावावर टिचकी मारली तर त्याने खातेदाराचे नाव आणि पासवर्ड मागितला. सौ. रोज चार आकडी पिन टाकून संगणक उघडते. ती पिन टाकली, चालेना. पिन ही फक्त त्या यंत्रासमोर बसून उघडण्यासाठी असते, दुसऱ्या यंत्रावरून यायचे तर खात्याचा खरा पासवर्ड लागतो. काही घरांत संगणकाला पासवर्डच नसतो. तिथेही हीच अडचण येते, कारण पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज दुसऱ्या यंत्रावरून आत घेत नाही.

इथे मी रत्नागिरीतल्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "सोपं आहे. फायरवॉल बंद करा, पासवर्डचा नियम काढून टाका, शेअरिंगची जुनी पद्धत चालू करा आणि 'एव्हरीवन'ला सगळे अधिकार द्या. खटकन चालेल." चाललेही असते. पण गडग्याचे बेडे उघडायला जमत नाही म्हणून कोणी अख्खा गडगा पाडत नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा घातकी प्रोग्राम जगभर पसरला, त्याने लोकांच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली आणि ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांची कामे ठप्प केली. तो एका संगणकातून दुसऱ्यात शिरत होता तो विंडोजच्या याच फाइल-शेअरिंगमधल्या एका दोषातून, आणि आता ती जुनी पद्धत सहसा बंदच ठेवलेली असते. ती उघडून आम्हाला आमची नोंद वाचवायची नव्हती, बुडवायची झाली असती.

तिसऱ्या रविवारी आम्ही नीट रस्ता धरला. सौ.च्या संगणकावर एक वेगळे साधे खाते काढले, त्याला चांगला पासवर्ड दिला. मग फक्त नोंदींचे फोल्डर घेतले. उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, शेअरिंग, आणि तेवढेच या खात्यासाठी खुले केले. तिचे घरखर्चाचे हिशेब, फोटो, बाकी सगळे तिच्याजवळ. लॅपटॉपवरून ते नाव आणि पासवर्ड टाकला. उघडले! मी एक ओळ लिहून पाहिली, तर ती जतन होईना. फोल्डरला दोन कुलपे असतात, एक शेअरिंगचे आणि एक 'सिक्युरिटी' या नावाखाली फोल्डरचे स्वतःचे. दोन्हींत जे कडक असेल तेच चालते. आमच्याकडे एका ठिकाणी वाचण्याचा आणि लिहिण्याचा अधिकार होता, दुसऱ्या ठिकाणी फक्त वाचण्याचा.

मी तो बदलायला हात उचलला आणि थांबलो. सौ.कडे पाहिले. तिने काही म्हटले नाही. मी म्हणालो, "राहू दे असंच. मी फक्त वाचीन. लिहायचं ते तूच लिही."

मंडळी, तीन रविवारांतले शहाणपणाचे असे माझे हे एकच काम. ज्याच्या डोळ्यांसमोर फवारणी होते त्याने नोंद लिहावी. इतरांनी वाचावी, शंका आली तर विचारावी. कुठे दुरुस्ती हवी वाटली तर मी आता तिला सांगतो, तिला पटले तर ती करते. एकदोनदा पटले नाही आणि तेव्हा तिचेच बरोबर निघाले.

पुढे दोन बारीक कुरबुरी झाल्या, त्याही सांगून ठेवतो. एका संध्याकाळी पुन्हा काही दिसेना. मी घाबरलो. पण वही उघडून पहिल्यापासून क्रमाने गेलो तर कळले, कोठीतला संगणक वापर नसला की झोपी जातो, आणि झोपलेला माणूस हाकेला ओ देत नाही. दिवसा झोपायचे नाही, एवढे त्याला सेटिंगमध्ये सांगितले. दुसऱ्यांदा वीज जाऊन आल्यावर डब्याने पत्ते नव्याने वाटले आणि माझा लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर दार वाजवत बसला. डब्याच्या सेटिंगमध्ये एका यंत्रासाठी एक पत्ता राखून ठेवता येतो, ते केले. दोन्ही वेळा पंधरा मिनिटांत काम झाले, कारण वही होती.

आणखी एक सावधगिरी. शेअर करणे म्हणजे दुसरी प्रत ठेवणे नव्हे. ओटीवरून दिसते ती फाइल कोठीतच असते, कोठीतला संगणक गेला की ती गेली. आपल्याकडे वळवाच्या विजा डबे आणि संगणक कसे जाळतात हे सांगायला नको. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडच्या बाजूला घरांची आणि बागांची काय दशा केली तेही आपण पाहिले. ज्यांच्याकडे बागेचे जुने फोटो आणि नोंदी जागेवर होत्या त्यांना आपले नुकसान निदान नेमके सांगता तरी आले. म्हणून दर रविवारी सौ. त्या फोल्डरची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेते, तिच्यावर तारीख घालते, आणि महिन्यातून एकदा एक डिस्क बहिणीच्या घरी जाते. या प्रती कोणी उघडून त्यात लिहायचे नाही. त्या बियाण्याच्या कणगीसारख्या, वेळप्रसंगासाठी. मृगाच्या आधी ढग गडगडू लागले की डब्याची आणि संगणकाची पिन आणि डब्याला येणारी तारही काढून ठेवायची. आणि तुमचा संगणक विंडोज १० वर असेल तर लक्षात ठेवा, १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या आहेत. जाणत्या माणसाला विचारून पुढची सोय करा.

२०२५ च्या हंगामात पॅकिंगवाल्यांनी नोंद मागितली. मी ओटीवर होतो, फाइल समोर उघडी होती, पाठवणे सहज शक्य होते. मी कोठीकडे हाक मारली, "अगं, त्यांना नोंद हवी आहे, पाठवतेस का?" तिने पाठवली. गेल्या वर्षीचाच तो माणूस बाग बघायला आला तेव्हा त्याने ती तिच्याच संगणकावर ताडून पाहिली. तारीख न् तारीख जुळली. तो माझ्याकडे वळून काही विचारणार होता, मी त्याला कोठीकडे बोट दाखवले.

बंधुभगिनींनो, तुमच्या घरात यंत्र अडले तर कोणी काय दाबले असे पहिल्याच झटक्यात विचारू नका. एक वही घ्या, दोघे मिळून बसा आणि मुळापासून वर बघत या. दुखणे पुष्कळदा तिथेच सापडते जिथे आपण स्वतः हौसेने काहीतरी बसवलेले असते. आमच्या कोठीतली ती वही अजून संगणकाशेजारी खिळ्याला टांगलेली आहे. पहिल्या पानावर सौ.च्या अक्षरात पहिल्या रविवारची नोंद आहे, ती तिने मागाहून लिहिली. "ह्यांनी एकदम सगळं बदललं. परिणाम : काही नाही." ते पान मी फाडलेले नाही.